सोवळ्यातली मूळव्याध

१२ फेब्रुवारी १९८६, नौबाद
आज पुन्हा रक्त. मूळव्याधच. बीदर जिल्ह्यात हेल्थ इन्स्पेक्टर म्हणून जन्म गेला माझा. खेडोपाडी भाषणं ठोकली, ‘लाजू नका, शौच तपासून घ्या.’ मला कोण शिकवणार? संकल्प: मिरची बंद, ताक सुरू.
(सायंकाळ) सुमतीने मिरचीची भजी केली. बायकोचं मन मोडू नये. ताक उद्यापासून.

२० फेब्रुवारी, एकादशी
सुमतीने मला न विचारता डॉक्टर घरी बोलावला. डॉ. ज्ञानोबा, बीदरचा सर्जन. मंठाळच्या भागाबाईचा मुलगा. ते लोक छप्पननंतर बौद्ध झाले. पोरगा हुशार. मी जातपात मानत नाही, म्हणून ओसरीवर खुर्ची दिली, वर चहाही दिला. कोनाड्यात कान तुटलेली कपबशी आहेच. काशप्पा दूधवाल्यालाही तीच देतो, म्हणजे भेदभावाचा प्रश्नच नाही.
म्हणाला, “काका, बोट घालून बघावं लागंल. दोन मिनिटाचं काम हाय.”
बोट! ह्याचं! मला! शी शी शी. म्हटलं, आज एकादशी. म्हणाला, मग उद्या. उद्या पारणं. परवा? परवा प्रदोष. तो हसला. म्हणाला, निदान शौच तरी तपासायला पाठवा. तेवढं कबूल केलं. त्यात कुणाचा हात लागत नाही.

२२ फेब्रुवारी
हात लागतो. माझाच. काडेपेटीत भरून न्यायचं असतं. हे मीच गावोगाव सांगत असे, पण ते लोकांना! घरच्या देवांची पूजा करणारे हे हात.  आणि मग स्नान, धोतर पिळणं, जानवं बदलणं, संध्या पुन्हा.
शास्त्रीय मार्ग काढला. माणसाचं पोट ते पोट. काशप्पाला म्हटलं, उद्या दुधाबरोबर तुझं काडेपेटीत घालून आण. तो म्हणाला, “आचार्य, माझं कामून वो?” म्हटलं, सरकारी काम. म्हणाला, “सरकार आता हे बी न्यायलंय का?”

२३ फेब्रुवारी
आणलं. एका हातात चरवी, दुसऱ्या हातात काडेपेटी. पेटी चिमट्यानं पिशवीत टाकली, दूध मोरीत ओतलं. सुमती दुधासाठी भांडली. कारण सांगता येईना.

२७ फेब्रुवारी
रिपोर्ट आला! रक्त नाही! फक्त जंत. मी म्हणतच होतो. जंतांच्या गोळ्या मीच घेतल्या, रिपोर्ट माझ्या नावाचा आहे. एकदम हलकं वाटतंय.
ज्ञानोबाचं समाधान नाही. म्हणाला, “काकी तर रोज रक्त जायलंय म्हणतेत. रिपोर्टात कामून न्हाई? तोंड पांढरं पडलंय तुमचं. बोटानं बघू द्या.” डॉक्टरचाच लॅबवर विश्वास नाही. कठीण आहे देशाचं.

१८ एप्रिल
धोतर सैल होतंय. सुमती म्हणते, तुम्ही वाळलात. ताकाचा गुण! उदगीरच्या वैद्याचं सुरणाचं चूर्ण सुरू केलं. रक्त तेवढं आहे. उष्णतेचे दिवस, चालायचंच.
काशप्पा आज पोट धरून पायरीवर बसला. जंत झालेत म्हणे. या लोकांना स्वच्छता म्हणून कळत नाही. किळस येते.

१६ जून
पोट नगाऱ्यासारखं. शौच बंद. ओकाऱ्या. ज्ञानोबा म्हणाला, आता गाडीत घाला. मुलाकडे, प्राणेशकडे, हैदराबादला निघालो. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, डॉक्टरची जातही कळत नाही. म्हणून मीच हैदराबाद सुचवलं.

१८ जून, हैदराबाद, निर्जला एकादशी
बोटानंच तपासलं. कुणाचं बोट, विचारलं नाही. मूळव्याध नाही. आतड्याच्या शेवटाला कॅन्सरची गाठ. मोठे डॉक्टर उर्दूत म्हणाले, इतके दिवस काय करत होतात? मी रिपोर्ट पुढे केला. रक्त नाही, बघा. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि प्राणेशला बाहेर नेलं. खिडकी उघडी होती. गाठ काढतील, पण ती यकृतात उतरली आहे. फेब्रुवारीत आले असते तर, असं काहीतरी म्हणत होते. प्राणेश रडत होता.
त्याला काशप्पाचं सांगायला हवं. आज एकादशी. उद्या सांगतो.

३ ऑगस्ट, नौबाद
खालची वाट कायमची शिवली. आता पोटाला भोक आणि त्यावर पिशवी. घाण चोवीस तास अंगावर. स्वतःचाच वास येतो, जेवण जात नाही. सुमतीला म्हटलं, पान आत वाढ. ती म्हणाली, असलं घेऊन देवांजवळ चालत नाही, तुम्हीच सांगत आलात. नियम बरोबरच आहे. माझाच आहे. ओसरीवर वारा चांगला येतो.
पिशवी बदलायला ज्ञानोबा येतो. नाकाला रुमालसुद्धा लावत नाही. आज काम झाल्यावर सुमतीने त्याला हात धुवायला आत नेलं, पाटावर बसवलं, चांदीच्या पेल्यात चहा दिला. भागाबाईच्या गुडघ्यांची चौकशी चालली होती. सगळं ऐकू येत होतं.
माझा चहा इथंच आणून ठेवला. कोनाड्यातल्या कपात. कपाला कान नाही, बोटं भाजली.