खेळातला समुद्र आणि घरखर्च

प्रिय ताई,

तू दुसऱ्या पाळीला गेलीस की घरात माझा समुद्र सुरू होतो. आई दार लोटून घेते, मी पडदा ओढते आणि स्क्रीनवरचं पाणी हळूहळू मागे सरकू लागतं. ओल्या वाळूत आभाळ उतरतं, त्यावरून एक मुलगी अनवाणी चालत जाते. तिचं पाऊल पडतं तिथे वाळू क्षणभर कोरडी दिसते, मग पुन्हा ओली होते. एवढं जमायला अख्खा श्रावण गेला. कधी मान वर केली तर पडद्याच्या फटीतून सालवडचे दिवे दिसतात, कारखान्यांची वाफ त्यांच्यावरून सरकत असते, आणि यातला कुठला देखावा मी तयार केलाय ते चटकन कळत नाही.

खेळातला हा समुद्र आमच्या परदेशी गिऱ्हाइकाने दोष म्हणून नोंदवला, हे तुला सांगायचं राहिलं. पाणी नाहीसं होतं आणि बराच वेळ परत येत नाही, अशी तक्रार होती. आमचा टीमलीड दिग्विजय नागपूरचा, त्यालाही तो दोषच वाटला. मी त्याला केळव्याच्या किनाऱ्याचा उतार काढून दाखवला. तो म्हणाला, बाई, खेळणारा माणूस केळव्याचा नाहीये. समुद्र म्हटला की तो लांब निघून जातो, हे मी धरूनच चालले होते. मला ते तूच शिकवलंस. लहानपणी बाबांबरोबर तिथे गेलो, पाणी कुठे दिसेना, मी भोकाड पसरलं, तेव्हा तू गंभीरपणे सांगितलंस की समुद्र जेवायला गेलाय. मग त्याचं जेवण होईपर्यंत आपण सुरूच्या सावलीत बसून राहिलो. दिग्विजयने शेवटी ओहोटी ठेवली. फक्त वाट पाहताना ती मुलगी आता गुणगुणते.

स्वातीच्या साखरपुड्यात कृष्णकांतकाकांनी चारचौघांत विचारलं होतं, खेळ बनवणाऱ्यांना पगारही खेळातल्याच नाण्यांत मिळतो का. सगळे हसले, मीही हसले. तू म्हणालीस, हो काका, म्हणून तर टीडीएस कापत नाहीत. काका जिलबीकडे वळले. माझ्याकडे त्यांच्यासाठी खरं उत्तर तयार होतं. हे काम करायला रांग लागलेली असते, म्हणून पगार कमी. माझ्याबरोबरचे जे कंटाळले ते बँकांच्या सॉफ्टवेअरकडे गेले आणि दुप्पट कमवू लागले. मी राहिले. एका बाजूला पगार, दुसऱ्या बाजूला समुद्र. माझं समीकरण सुटत होतं.

मंगळवारी बाजारात मंदा भेटली, तुझ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतली, पाम गावची. मला सगळं ठाऊक असेल असं समजून ती बोलत गेली. हैदराबादला तुला संशोधनाची जागा मिळाली आहे, पहिली काही वर्षं नुसत्या विद्यावेतनावर. तू नाही म्हणालीस, तरी त्यांनी शुक्रवारपर्यंत विचार करायला सांगितलंय. मी कारण विचारलं. मंदा म्हणाली, "तिला जायचं हाय गं. पण घर कोन चालवनार? तुझ्या पगारात भागत नाय, हे तिने मला सांगायला पायजे काय?"

घरी येईपर्यंत मी समीकरण पुन्हा मांडून पाहिलं. कमी पगार मी निवडला, असं मी सगळ्यांना सांगत आले. बाबा गेल्यापासून त्यातली तूट भरून काढत होतीस तू. आणि तुलाही तसंच काहीतरी हवं होतं, जिथे पैसे कमी आणि काम मनातलं.

असं काम एका घरात एका वेळी एकालाच परवडतं. आता तुझा नंबर. मला कधीपासून बोलावणाऱ्या इथल्याच एका कंपनीत कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलचे स्क्रीन बनवायचं काम मी घेतलं आहे, सोमवारपासून. टाक्या, व्हॉल्व्ह, वरखाली होणाऱ्या पातळ्या. पगार चांगला आहे, घरखर्च आणि आईची औषधं त्यात बसतात. दिग्विजयला कळवलंय. त्याने फाइली कुणाकडे द्यायच्या ते सांगितलं. समोर बसून सांगितलं असतं तर तू मला पहिल्याच वाक्यात गप्प केलं असतंस, म्हणून लिहिलं. उद्याच्या उद्या त्यांना हो कळव. आणि तू निघशील तेव्हा मी बोईसर स्टेशनवर सोडायला येईन असं धरू नकोस. नवीन नोकरीत लगेच रजा मिळत नाही.

तुझीच,
समिधा