ठकूने लिहिलेली ओळ

प्रिय ठकू,

पत्राला फार उशीर झाला. रागावू नकोस असं लिहिणार होतो, पण रागावलेली तू आधीपासूनच आहेस, तर निदान त्यात भर घालू नकोस. आधी वाटलं, चार दिवसांत आपसूक निवळशील. मग चष्म्याची दांडी मोडली. ती बसवून आणली तर हात कापायला लागला. तुझी आई म्हणाली, "हात नाही कापत, जीव कापतोय. बसा आणि लिहा." तुझा फोन न चुकता येतो, "जेवलात का, गोळी घेतलीत का," आणि बंद. मी हो म्हणतो. गोळी कधी राहून जाते, तरी हो म्हणतो. त्याच्या पुढचं मला फोनवर बोलवत नाही. अर्धवट शाळा शिकलेला माणूस मी, चुकलंमाकलं सांभाळून वाच.

तुझ्या ऑफिसात खुर्ची बदलून दिली का? डावा पाय टेकत नाही म्हणाली होतीस. खाली काहीतरी ठेव, नाहीतर कंबर धरेल. मला उगाच काळजी वाटत राहते. आईचा गुडघा बरा आहे. दुकानाचं दार पावसाने फुगलंय, उघडताना खांदा लावावा लागतो. कातडं चांगलं मिळत नाही. असं सगळं चाललंय.

मागच्या सुट्टीत तू दुकानाचं पान इंटरनेटवर टाकलंस, तेव्हा माझ्या शेजारी स्टुलावर बसून तू मला शिकवत होतीस आणि मी कातडं कापायची रापी घासत "हं, हं" करत होतो. तरी ऐकत होतो बरं का. तू म्हणालीस, पानाला वरचं एक ठळक नाव असतं आणि त्याखाली एक बारीक ओळ असते. पान उघडल्यावर ती दिसत नाही, पण शोधणाऱ्याला आधी तीच दिसते. मेटा टॅग की काय ते. तुझी रोजीरोटीच ती, लोकांच्या दुकानांसाठी अशा ओळी लिहायच्या. मी म्हणालो, "लिही की मग, सर्वोत्तम पादत्राणे." तू हसलीस. म्हणालीस, "बाबा, पादत्राणे असं कोण शोधतं? एक पाय आखूड असलेला माणूस काय टाइप करेल ते लिहायचं. तिथे कोणी बघत नसतं, म्हणून माणूस खरं लिहितो. त्याला उत्तरही खरंच दिसायला हवं." आणि तू लिहिलंस. वर, "एक पाय आखूड असणाऱ्यांसाठी मापाचे बूट". खाली, "माझा डावा पाय आखूड आहे. माझे बूट माझे बाबा बनवतात. तुमचेही बनवतील, माप द्यायला या."

मी वाचलं आणि "छान" म्हणालो. आणि रापी आणखी जोरात घासायला लागलो.

ठकू, तू चालायला लागलीस तेव्हापासून मी एकच काम जीव ओतून केलं. बुटाच्या आत बुचाचे थर असे बसवायचे, की बाहेरून दोन्ही बूट सारखे दिसावेत. कोणाला कळू नये. फोटोत तुला बसवायचो. शाळेतल्या बाईंना सांगितलं होतं, पाय मुरगळलाय. वर्षभर मुरगळलेलाच होता तो! तुला मी चालायला शिकवलं असं लोक म्हणायचे. मी शिकवलं ते लपवायला. आणि तू एका ओळीत सगळं जगापुढे मांडून मोकळी झालीस.

तू परत गेल्यावर तुझ्या मामाचा फोन आला. "भावजी, तुमचं दुकान शोधलं तर आधी पोरीचा पायच दिसतो हो! दुसरं काही नव्हतं का लिहायला?" झालं. मला जेवण जाईना. समोरच्या मोबाइलवाल्याकडे गेलो, म्हटलं, ओळ बदलून दे. तो म्हणाला, "काका, ताईंना विचारलंत?" मी म्हटलं, दुकान कोणाचं? मग त्याने माझी ओळ लिहिली. सर्वोत्तम, दर्जेदार, टिकाऊ, स्वस्त, बूट, चप्पल, सँडल, पुन्हा बूट. मीच सांगितलं, जितके शब्द तितकं गिऱ्हाईक. वर-खाली दोन्हीकडे तेच डकवलं. तुला कळवलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

मग फोन यायचे ते भलतेच. एकाला उंच टाचांच्या नाचाच्या चपला हव्या होत्या. एक जण म्हणाला, घाऊक भाव सांगा, नाहीतर वेळ घालवू नका. ज्यांच्यासाठी मी उभा जन्म आरी चालवली, ती माणसं येईनाशी झाली. ती दुसरीकडे जात होती असंही नाही. मोठमोठ्या दुकानांच्या सर्वोत्तमच्या ढिगात माझं सर्वोत्तम कुठे तळाला गेलं होतं, आणि आम्ही आहोत हेच त्यांना कळत नव्हतं. मी काय म्हणायचो? बाजार मंदा आहे.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला ते माझ्या हाताने लिहायचंय. तू आली होतीस, आत आईजवळ भाजी चिरत होतीस, आणि त्या नर्सबाई दुकानात आल्या. एक खांदा खाली, आयुष्यभर तशाच चाललेल्या. म्हणाल्या, "किती दिवस शोधतेय तुम्हाला. एकदा ती ओळ वाचली होती, माझे बूट माझे बाबा बनवतात. दुकानाचं नाव लक्षात राहिलं नाही. नंतर तीच ओळ टाकून टाकून शोधलं, मिळेना. शेवटी कातडीवाल्यांकडे विचारत विचारत आले." मग म्हणाल्या, "ती मुलगी आहे का हो घरात? मला तिला एकदा चालताना बघायचंय."

आणि मी म्हणालो, "छे हो, तसं काही नाही. जाहिरातीत लिहितात तसं लिहिलेलं."

दुकान आणि घर यांच्यामधला पडदा तेव्हा हलला. तू बूट काढून आली होतीस. अनवाणी, फरशीवरून, डावीकडे कलत, त्या बाईंपर्यंत. तुला तसं चालताना मी तू लहान होतीस तेव्हाच काय ते पाहिलं होतं. तू त्यांना म्हणालीस, "मीच ती. या, बसा, माप घेते." माझ्याकडे पाहिलं नाहीस. त्यांच्या पायाखाली तू फळ्या सरकवत होतीस, दोन्ही खांदे एका रेषेत आल्यावर त्या बाई रडल्या, तू त्यांचा हात धरलास, आणि मी गल्ल्यामागे उभा राहून पुसलेलंच कातडं पुसत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. जाताना पाया पडलीस, हे मला जास्त लागलं. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

तुझ्या आईला सगळं कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "पायातलं कमी बुचाने भरून निघतं. डोक्यातलं कशाने भरायचं?" मग ते बसा आणि लिहा सोडलं तर माझ्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढते, पण आपटून.

नर्सबाईंचे बूट झाले. घालून त्या दुकानात चार फेऱ्या मारून गेल्या. तुझी चौकशी केली. मी म्हणालो, माझी मुलगी दुसऱ्या गावी नोकरी करते, तिचा डावा पाय आखूड आहे. पहिल्यांदाच म्हणालो परक्या माणसाला. त्यांना ते ठाऊक होतंच, तरी म्हणालो.

मग मोबाइलवाल्याकडे जाऊन माझं सर्वोत्तम पुसून टाकायला लावलं. आता ओळ रिकामी आहे. रिकामी ठेवली की ते यंत्र म्हणे पानातलंच काहीतरी उचलून दाखवतं. त्याने आपलं काय उचलावं? "दुपारी दुकान बंद असते, पायऱ्या सांभाळून उतरा." मोबाइलवाला हसून हसून बेजार. म्हणाला, "काका, ताईंची जुनी ओळ माझ्याकडे आहे, आत्ता परत चिकटवतो." मी त्याचा हात धरला.

त्यासाठीच हे पत्र, ठकू. पाय तुझा, ओळ तुझी. काढताना मी तुला विचारलं नाही, आता न विचारता परत लावली तर तो दुसरा अपराध होईल. लावू का? तशीच लावू, का तुला काही बदलायचंय? आणि एवढं झाल्यावर, माझे बूट माझे बाबा बनवतात, हे तुला अजून लिहावंसं वाटतं का? नको वाटत असेल तर तसं सांग, मी ऐकून घेईन. कोणीतरी आत्ताही शोधत असेल आणि त्याला आपल्या पायऱ्याच दिसत असतील, म्हणून जीव टांगणीला लागलाय. या वेळी फोन केलास की गोळीचं विचारून लगेच ठेवू नकोस. हो किंवा नाही, पण लवकर कळव, बाळा.

तुझाच,
बाबा