खैराचा लाल कंधारी

अण्णा, बैल काल पूर्ण झाला. लाल कंधारी जातीचा, तुम्ही करायचात तसाच, लाकडात लाकूड जडवून. अंगाला खैर, शिंगांना शिसव, मागची पाटी शिवणीच्या फिकट लाकडाची. रंगाचा थेंब नाही. नांदेडच्या या घरात आता मी एकटीच असते, त्यामुळे जेवायच्या टेबलावर दोन महिने भुसा पडून राहिला तरी कुणी काही बोललं नाही. भिंतीवर टांगला आणि समोर खुर्ची ओढून बसले. दुपारी शेजारीण वाटीत भाजी घेऊन आली. म्हणाली, "छान हाय की! ऑनलाइन मागवला?" मीच केला म्हटलं तर हसली, आणि गॅसवर कुकर आहे म्हणून गेली. दाखवावा असं माणूस एकच होतं, आणि तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली.

अहमदपूरला स्टँडच्या मागे आपलं दुकान होतं. दहावीत असताना मी तिथली बारीक पात्याची करवत उचलली, पातं मोडलं, आणि तुम्ही गिऱ्हाइकासमोर ओरडलात, "ठेव खाली! पोरीचं काम न्हाई हे." त्यानंतर पाच-सहा वर्षांनी तुम्हीच मला हाक मारता. दार लोटलेलं आहे. फळीवर काढलेल्या बैलावर बोट ठेवून विचारता, "ही रेघ दिसून राहिली का तुला?" मी हो म्हणते. "मला न्हाई दिसत," तुम्ही म्हणता, आणि मान फिरवता. लातूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. आईलासुद्धा तुम्ही हे बोलला नव्हतात.

पुढचे दहा दिवस मी कापत होते आणि तुम्ही शेजारी स्टुलावर बसून सांगत होतात. तुकडा बसला की सांध्यावरून अंगठा फिरवायचात. "इथं फट हाय." मला दिसायची नाही, पण असायची. पाठीवरच्या वशिंडाचा तुकडा मी तीनदा कापला. तिसऱ्यांदा अंगठा कुठं अडला नाही, तेव्हा तुम्ही नुसतं "हं" म्हणालात, आणि मला इतका आनंद झाला की घरी जेवताना मी ताटाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले.

औशाचं गिऱ्हाईक बैल न्यायला आलं. "मिस्त्री, काय हात हाय तुमचा!" मी चहाचे कप घेऊन उभी होते. तुम्ही म्हणालात, "हाव." एवढंच. माझ्याकडे वळलासुद्धा नाहीत. आंधळ्या मिस्त्रीला काम कोण देणार, हे आज कळतं. तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची होते. पुन्हा दुकानात पाऊल टाकलं नाही. त्याच वर्षी लग्न होऊन नांदेडला आले.

पुढच्या वर्षी भाऊ मला न्यायला आला. "अण्णांनी बोलावलंय. मोर करायचाय एक. आठ दिवस चल." मी त्याच्याबरोबर निरोप पाठवला की सासूबाई पाठवत नाहीत. तुम्ही ते काम परत केलंत आणि महिन्याभरात दुकान बंद केलंत. नंतर कधी माहेरी आले की तुम्ही ओसरीवर बसलेले असायचात, माझा आवाज आला की सरकून जागा करायचात, सासूबाईंची तब्येत विचारायचात. मोराचं नाव एकदाही काढलं नाहीत.

तुम्ही गेलात त्या वर्षी हे लिहिलं असतं, तरी पाठवायला पत्ता नव्हताच. आताही कागद इथंच टेबलावर राहील. पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. सासूबाईंनी मला अडवलं नव्हतं. त्यांनी पिशवी भरून दिली होती, वाटेत खायला दशम्या बांधल्या होत्या. मी भावाबरोबर नांदेडच्या स्टँडपर्यंत गेले, अहमदपूरची गाडी समोर लागलेली होती, आणि तिथून मीच परत फिरले.