कागदावरची कुमारी

मी, ~~कुमारी~~ (श. मो. मा.) शकुंतला मोरेश्वर मानकर, वय ८४ वर्षे, सरकारी निवृत्तिवेतनधारक, राहणार गिरगाव, मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे आणि डावा कान शाबूत नाहीत, पण त्यांची कायद्याला गरज नसते. आमच्या डॉक्टर सुचित्रा वेलकर यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाआधीचा शब्द वकिलांच्या टायपिस्ट मुलीने पेन्शनच्या कागदावरून उचलला. त्याबद्दल शेवटी लिहिते.

१. माझे पती श्री. रघुनाथ सखाराम घाडी, वय ८६, हयात आहेत व माझ्याबरोबर राहतात. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे, म्हणून परत वाचून पाहिले. बरोबर आहे. आम्हाला मूलबाळ नाही. माझा धाकटा भाऊ शरदचंद्र वारला. त्याचा मुलगा अनिमेष दादरला असतो आणि अनिमेषची मुलगी जुई.

२. आमच्या लग्नाचा कागद नाही, फोटो नाही, पत्रिका नाही. का नाही, ते इथे नोंदवणे भाग आहे. वडील गेल्यावर विसाव्या वर्षी मी एका सरकारी कचेरीत टंकलेखिका म्हणून लागले. आमच्या कचेरीत तेव्हा बायकांची वेगळी श्रेणी होती. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या पुरुषाला पगार जास्त. अधीक्षकांना विचारले तर म्हणायचे, बाईला कुठे घर चालवायचे असते. मी आईचे, आजीचे, शरदचे आणि माझे चालवत होते. शिवाय नेमणुकीच्या वेळी लिहून घेत, की लग्न केल्यास राजीनामा देईन. पुरुषाने लग्न केले की त्याच्याकडे कचेरी पेढे मागायची.

पलीकडच्या टेबलावरची शांता लालबागची. रघुनाथ हे तिचे मावसभाऊ, गिरणीत कामाला. प्रभादेवीच्या एका लहानशा देवळात आमचे लग्न लागले. भटजी, माझी आई आणि शांता, एवढेच वऱ्हाड. शरदला हे पटले नाही. मुलगा गिरणीतला, आणि आपल्यातला नाही. पण त्याची कॉलेजची फी माझ्या पगारातून जात होती, तेव्हा पगार सुटणेही त्याला परवडणारे नव्हते. लोकांना पोटभाडेकरू म्हणून सांग, असे त्यानेच सुचवले. तेच रुळले. पुढे त्याने अनिमेषलाही तेच शिकवले.

मंगळसूत्र मी संध्याकाळी घरी आल्यावर घालायची आणि सकाळी काढून स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडरखालच्या खिळ्याला टांगायची. चाळीला सगळे माहीत होते, पण चाळीने कचेरीला कळू दिले नाही. एकदा कचेरीचा शिपाई चौकशीला आला, तर आमच्या लक्ष्मीकाकूंनी त्याला चहा पाजून विचारले, "तिच्याशी कोण लग्न करतंय? तोंड बघितलंत का तिचं?" त्या उपकाराचे मला अजून हसू येते, आणि थोडा रागही.

एका सकाळी घाईत मी मंगळसूत्र काढायलाच विसरले. कचेरीच्या जिन्यात शांताने पाहिले, तिथेच माझ्या गळ्यातून उतरवले आणि माझ्या डब्यात पोळ्यांखाली दडवले. "आज डबा उघडू नकोस," म्हणाली, "घरी जाऊन जेव." मी दिवसभर उपाशी टाइप करत बसले. बाई, आज कसला उपास, म्हणून अधीक्षकांनी चेष्टा केली तीही ऐकून घेतली.

३. लग्नाचा तो नियम उठला तेव्हा माझी छत्तिशी उलटली होती. मी सगळे सांगून टाकायला निघाले होते. हेडक्लार्क भला माणूस. त्यांनी बाजूला घेऊन समजावले, की बाई, आता बोललात तर इतकी वर्षं खोटं लिहिलंत असं होईल, आहे ती नोकरीही जाईल. मी गप्प बसले आणि निवृत्तीपर्यंत कुमारीच राहिले. मंगळसूत्र खिळ्याला टांगता येते, मूल लपवता येत नाही. नियम उठेपर्यंत थांबू, असे आम्ही दर वर्षी म्हणत आलो, आणि उठल्यावर डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी मान हलवली. मला त्याचे दुःख आहे. यांनाही आहे. गिरणी बंद पडल्यावर यांनी घर सांभाळले. माशाची आमटी यांच्यासारखी मला आजही जमत नाही.

४. जुनी चाळ पाडून झालेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर माझ्या मालकीची सदनिका आहे. मागच्या महिन्यात एका रविवारी अनिमेष जेवायला आला होता. मुलगा वाईट नाही, मला दवाखान्यात तोच नेतो. हात धुता धुता म्हणाला, "आत्या, तुझ्यानंतर रघुकाकांची सोय एखाद्या आश्रमात करू. चांगले आश्रम असतात हल्ली. शेवटी ते आपले कोण?" हे स्वयंपाकघरात पापड भाजत होते. पापड करपला. दुसऱ्या दिवशी केर काढताना पलंगाखाली यांची बॅग दिसली, कपडे घड्या घालून भरलेली. विचारले, तर म्हणाले, "शकू, भरून ठेवलंय. मागाहून कोणाक तरास नको."

मी खूप बोलले. यांनी ऐकून घेतले, पण बॅग सोडली नाही. म्हणून हे मृत्युपत्र. सदर सदनिका, आतल्या सर्व सामानासह, मी माझे पती रघुनाथ घाडी यांना पूर्ण मालकी हक्काने देत आहे. त्यांना तिथून कोणीही, कितीही प्रेमाने, हलवू नये. त्यांच्यानंतर ती जुईला मिळावी अशी माझी इच्छा आहे, पण ते यांनी ठरवावे.

५. बँकेतील सर्व ठेवी यांनाच. माझे निवृत्तिवेतन माझ्याबरोबर संपेल. नवऱ्याला ते पुढे मिळते, पण सरकारच्या लेखी मला नवराच नाही. त्यासाठी भांडायचे त्राण आता माझ्यात उरलेले नाही.

६. शरदच्या पदवीची तसबीर माझ्या भिंतीवर आहे, ती अनिमेषला द्यावी. पदवी कोणाच्या पगारावर मिळाली, ते त्याने बायकोला सांगावे. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला शिकवले तेच तो बोलला.

७. निवृत्तीच्या वेळी कचेरीने दिलेली समई मोडीत घालावी. तिच्यावर 'कु.' कोरलेले आहे. कचेरीतले संक्रांतीचे हळदीकुंकू दर वर्षी मीच मांडायची, वाण आणायची, तिळगूळ वळायची, आणि वाटायची वेळ आली की फायली आवरत बसायची. मोडीचे जे येईल त्याचे वाण आणून जुईने इमारतीतल्या सगळ्या बायकांना वाटावे. लग्न झालेय का, हे कोणालाही विचारू नये.

८. मी आधी गेले तर मला हिरवी साडी नेसवावी आणि कुंकू यांच्या हातून लावावे. मला याची हौस राहिलेली नाही, पण नोंद पाहिजे. यांचा हात कापतो, तेव्हा कोणी मनगट धरावे.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जुई अनिमेष मानकर हिने करावी. ती यांना आजोबा म्हणते, आणि तिला तसे कोणीही शिकवले नव्हते.

खाडाखोड एक. पहिल्या ओळीतील 'कुमारी' हा शब्द मी स्वतःच्या हाताने खोडला असून शेजारी आद्याक्षरे घातली आहेत. टायपिस्ट मुलगी म्हणाली, आजी, स्वच्छ नवं पान काढून देते. मी नको म्हटले. नोकरीभर मी दुसऱ्यांच्या खाडाखोडीवर सह्या घेतल्या, कोणी खोडले ते कळावे म्हणून. इथेही कळू दे.

ठिकाण: गिरगाव, मुंबई
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२५

सही: शकुंतला मोरेश्वर मानकर

आम्हा दोघींच्या देखत वरील सही झाली, म्हणून साक्षीदार:

१) डॉ. सुचित्रा वेलकर, गिरगाव

२) शांता विठ्ठल परब, चिंचपोकळी. सही माझ्यासमोर केली. लग्नही माझ्यासमोरच झाले होते, त्याचीही मी साक्षीदार आहे. बॅग आज मीच रिकामी करून आले.