अक्षदा वाटून बोलावलेली सभा

लोहारा, मंगळवार दुपार

तीर्थरूप शिवलिंगप्पामामांच्या पायी मल्लिनाथचा शरणार्थ.

पोळ्याला पत्र टाकतो म्हणालो होतो, आता संक्रांत तोंडावर आली. न लिहिण्याचं कारण विचाराल तर धड कारण असं न्हायच. टाक सापडला तर दौत सुकलेली, दौत भिजवली तर कुणीतरी जत्रेला निघालेलं, आणि जत्रेला निघालेल्या माणसाला एकटं सोडणं माझ्या जिवावर येतं. (तुमच्या येत नाही, ठाऊक आहे.) तुमच्या गुडघ्याची कळ कशी आहे? एरंडाचं पान गरम करून बांधत जा. दुकान, बैल आणि मुरूमची हवा ठीक असेल. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून हेडमास्तरांनी मला इथं ठेवून घेतलं, आणि इथंही टिकला नाहीस तर मुरूमला तोंड दाखवू नकोस असं तुम्ही बजावलंत, ते ध्यानात आहे. काम असं, की सात ते अकरा वर्षांच्या पोरांची स्काऊटची धाकटी पलटण काढायची. गळ्यात रुमाल, शिट्टी, खेळ, गाठी मारणं, झाडं ओळखणं, रोज एक चांगलं काम. वरून उर्दूत हुकूम आलाय: गुरुवारी तपासणीचे साहेब येतील तेव्हा निदान आठ पोरं आणि त्यांच्या आईबापांचे कागदावर अंगठे हाजिर पाहिजेत. आठाला एक जरी कमी पडला तरी पलटण रद्द, आणि मीही रद्द. हे काम मलाच का, तर सोलापुरात एकदा स्काऊटांच्या मिरवणुकीपुढं मी तीन गल्ल्या चाललो होतो. (ते मागून 'बाजूला हो' म्हणत होते, पण हेडमास्तरांनी तेवढं विचारलं नाही.)

मला वाटलं, आईबापांना एकदा चावडीवर जमवावं, समजावून सांगावं, की झालं काम. गोरोबा हलगीवाल्याला गाठलं आणि दवंडी द्यायला लावली, की सात ते अकरा वर्षांची पोरं घेऊन समद्यांनी चावडीवर हाजिर व्हावं. आता मामा, मला काय ठाऊक की मागल्या महिन्यात याच हलगीनं सरकारी लेव्हीची ज्वारी मागितली होती! आणि त्याच्या आधी देवी टोचायला पोरं. गावानं ज्वारीचं जे केलं होतं तेच पोरांचं केलं, म्हणजे लपवली. दुसऱ्या दिवशी चावडीवर मी, हेडमास्तर आणि एक शेळी. घरोघर फिरलो तर गावात लेकरूच जन्मलं नसावं असं वाटलं. गिरिजाबाईंनी देवाची आण घेऊन सांगितलं की त्यांना मूलबाळ न्हाय. एवढ्यात कोपऱ्यातली कणगी शिंकली. "उंदरं लई माजलीत बघा," त्या म्हणाल्या. तर उंदीर म्हणतो, "अव्वा, आता उतरू का?"

मी जिथं जेवतो त्या मल्लम्मांनी मग माझी खरडपट्टी काढली. हलगी सरकारची असते. मानानं बोलवायचं तर हळदीकुंकू लावून अक्षदा द्याव्या लागतात, एवढंही तुला कळत न्हाय का, असं म्हणाल्या. मला पटलं. तांदूळ रंगवले (हात अजून पिवळे आहेत) आणि रविवारी दारोदार अक्षदा ठेवून आलो. एकानंही विचारलं नाही की कशाच्या. सगळ्यांनी कपाळाला लावून घेतल्या. मला वाटलं, जिंकलो.

काल सोमवारी अख्खं गाव आलं. गावच नव्हे, माहेरी आलेल्या लेकी, त्यांचे नवरे, शेजारच्या खेड्यांतले सोयरे, शिंगांना गोंडे बांधलेले बैल. बायकांच्या हातांत खण, बापयांच्या खांद्यांवर आहेराची उपरणी. पोरांना तर न्हाऊ घालून आणलेलं. शाळेच्या ओसरीवर सगळे आपापल्या मानानं बसले, आणि मी, बेअक्कल, पालकांची हौस पाहून गहिवरलो. घसा साफ करून अर्धा तास बोललो. स्वच्छता, शिस्त, देवाची भक्ती, चांगलं काम. सगळे माना डोलवत होते. पुढं बसलेल्या वीरप्पाला गाठ मारून दाखवली, तर त्यानं ती एका झटक्यात सोडली आणि म्हणाला, "मास्तर, अशा गाठीवर माझी म्हस एक दिवस ऱ्हायची न्हाय." तरी राग नाही, कारण तोवर पोरं माझ्या शिट्टीवर अंगणात रांगेत उभी राहिली होती. कणगीतला उंदीर सगळ्यांत पुढं, नाक पुसत. मामा, खरं सांगतो, मी आजवर शाळेच्या मागच्या भिंतीवरूनच बाहेर पडत आलो. काल पहिल्यांदा वाटलं की इथं थांबावं.

एवढ्यात म्हाताऱ्या शरणबसप्पांनी विचारलं, "मास्तर, बोलणंबिलणं लई झालं. नवरी कवा येनार?"

पुढचं सांगण्यात राम नाही. अक्षदा देऊन उपाशी बसवलं म्हणजे गावाच्या तोंडात मारल्यासारखं, असं मला बेचाळीस माणसांनी वेगवेगळ्या आवाजांत समजावलं. हेडमास्तर आतून कडी लावून बसले. मल्लम्मांनी चुरमुऱ्यांचा सुशीला करून कसंबसं निभावलं, मीही चार शब्द बोलून लोकांना शांत केलं. पण अंगठा एकानंही दिला नाही. शरणबसप्पा म्हणाले, "आधी कार्य. अंगठा जेवल्यावर." कार्य बुधवारी ठरलंय.

बाकी सर्व क्षेम.

आपला आज्ञाधारक (यापुढं तरी)
मल्लिनाथ

ता. क. बुधवारच्या हुग्गीच्या खिरीला गहू आणि गूळ लागेल. पत्र घेऊन येणाऱ्याबरोबरच एक गाडी पाठवा. वर कडबा टाकायला सांगा, नाक्यावरचे लोक धान्याचं विचारतात.

आणखी एक. ते 'चार शब्द' कोणते, हे सांगायचं राहिलं. नवरी वाटेत आहे, म्हणालो. नवरदेव कोण, तर स्वच्छ सदरा एकट्या माझ्याच अंगावर होता. कुणाची लेक, तर तोंडातून मामाची निघालं. हे ऐकल्यावर गाव लगेच गप्प झालं, कारण मामाची लेक म्हटल्यावर पुढं विचारण्यासारखं काही उरतच नाही. तेव्हा गहू-गुळाबरोबर पार्वतम्मालाही पाठवता आलं तर बघा. लहानपणी तिनं मला विहिरीत ढकललं होतं, म्हणजे तिची हरकत असेल. पण मला पोहता येतं, हे तिनंच शिकवलं असं मी मानतो. (ही थट्टा न्हाय, मामा. आयुष्यात पहिल्यांदाच थट्टा न्हाय.)

शेवटचं. लिफाफा चिकटवत होतो तोच शाळेपुढं गाडी थांबली. मामी उतरल्यात. एकट्या. हातात आहेर नाही, बैल हाकायची काठी आहे. कालच्या पंगतीत कुणीतरी मुरूमचं असणार, बातमी पोचली. शरणबसप्पा ओरडतायत, "आली रं नवरीकडची! मास्तर खोटा न्हाय!" आणि माणसं अंगठ्याला शाई लावून हेडमास्तरांच्या टेबलाशी गर्दी करतायत. पाच उमटले. मामी दारात उभ्या राहून विचारतायत, नवरदेव कुठाय. माझ्या मागं खिडकी सताड उघडी आहे, मामा, पण अजून तीन अंगठे व्हायचेत.