दिसेल तेवढंच लिहायचं

स्टुटगार्ट
रविवार, ११ नोव्हेंबर २००७, भाऊबीज

बाबा,

नमस्कार. दिवाळी बरी झाली असेल. मी ठीक आहे. थंडी पडली आहे, हीटर चालू केला आहे, जेवण वेळेवर होतं.

तनयने दाखवलेला फोटो पाहून तुम्ही एवढंच म्हणालात असं आईने सांगितलं: "तिला म्हणावं, आधी पंचनामा लिहून पाठव. मग बोलू." रागात म्हणाला असाल. पण पत्राची सुरुवात कशी करायची हा माझा प्रश्न त्याने सुटला, म्हणून आधी तो.

१. ठिकाण: शहराच्या पूर्वेला, जंगलाच्या कडेचं शेत. गहू काढून मोहरी पेरलेली. मोहरी कमरेइतकी.
२. दिनांक २० ऑक्टोबर, शनिवार. सूर्य मावळला होता. उजेड पुरेसा होता.
३. मी लाकडी मचाणावर एकटी होते. रायफल माझी. परवाना माझ्या नावाचा आणि चालू. हंगाम खुला.
४. मोहरीतून हरणाची मादी बाहेर आली. ही जात आपल्या भेकराएवढी असते. मी गोळी झाडली. ती जागेवर पडली.
५. थोड्या वेळाने मोहरीतून तिचं पाडस आलं आणि तिच्यापाशी उभं राहिलं. मी दुसरी गोळी झाडली. तेही जागेवर पडलं.
६. नियमाप्रमाणे रायफल रिकामी केली आणि खाली उतरले. मादी उलटी करून पाहिली. कासेत दूध होतं.
७. ते शिकारक्षेत्र हेर (म्हणजे श्री.) आयझेले यांनी भाडेपट्ट्याने घेतलेलं आहे. त्यांना फोन केला. ते आले. दोन्ही जनावरं नोंदवली.
८. दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर चार बदकं मारली. फोटोत तीही आहेत.

फोटोत जनावरांच्या तोंडात हिरवी डहाळी दिसते, ती थट्टा नाही. मारलेल्या जनावराला शेवटचा घास द्यायचा, असा इथला रिवाज आहे. रांगेत ठेवलेल्या जनावरांना कुणी ओलांडूनही जात नाही. तुम्हाला तो फोटो कसा दिसला असेल याची मला कल्पना आहे. वनखात्यात जन्मभर तुम्ही असे फोटो शिकाऱ्यांविरुद्ध कोर्टात लावायला काढलेत.

तनयला मी "फक्त तुझ्यासाठी" असं लिहून तो पाठवला होता. त्याच्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत आहे. म्हणजे तो तुमच्यापर्यंत पोचणार हेही माहीत असावं. यावर जास्त लिहीत नाही.

आज भाऊबीज म्हणून फोन केला. तनयशी बोलले, मग आईला म्हटलं, बाबांना दे.

"अगं, ते पूजेला बसलेत."

"बाबा? पूजेला?"

"बसतात हल्ली."

"किती वेळ लागेल?"

"तुझा फोन चालू असेपर्यंत लागेल," आई म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "तू पण ना, शमे. बदक तरी ठीक होतं गं."

मला तिचा राग आला नाही. तुमचा आला. पाच मिनिटंच. मग मी स्वयंपाकघराचा ओटा पुसला, तो आधीच पुसलेला होता, आणि लिहायला बसले.

तुम्हाला मी दोन वर्षं सांगत होते की शनिवार-रविवार जंगलात फिरायला जाते. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. इथे शिकारीचा परवाना मिळवायला वर्षभर शिकावं लागतं. कायदा, शस्त्र, जनावरांचे रोग, झाडं, कुत्री. परीक्षा इतकी अवघड की लोक तिला हिरवी बारावी म्हणतात. आमच्या वर्गात मी एकटी परदेशी होते. पक्ष्यांच्या तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले. परीक्षकाने विचारलं, बदकं कुठे शिकलीस? मी म्हटलं, वडिलांनी शिकवली, नवेगावबांधच्या तलावावर. त्याला वाटलं तुम्ही शिकारी आहात. मी दुरुस्त केलं नाही.

आता माझी बाजू. इथे वाघ नाही, बिबट्या नाही. हरणं वाढली की कोवळी झाडं खातात, जंगल पुन्हा उगवत नाही. म्हणून किती जनावरं काढायची ते सरकार ठरवून देतं, आणि तेवढी काढली नाहीत तर भाडेपट्टेदाराला जाब विचारतात. मांस वाया जात नाही. हे सगळं खरं आहे. हे मी पाठ करून ठेवलं होतं, तुम्ही फोनवर आलात तर म्हणून.

पण मी त्यासाठी जात नाही.

बाबा, मला आवडतं. सप्टेंबरात मोहरी पिवळी व्हायला लागते तेव्हापासून माझं ऑफिसात लक्ष नसतं. मी त्सुफेनहाउझेनला दिवसभर एका बंद खोलीत गिअरबॉक्स फिरवते आणि नको तो आवाज कुठून येतो ते शोधते. संध्याकाळी तोच आवाज डोक्यात घेऊन घरी येते. मचाणावर तो थांबतो. आणि बदकांची पहाट तर तुम्हाला सांगायलाच नको. काळोखात, बुटांत पाणी शिरत असताना, आधी पंखांचा आवाज येतो, मग कुठेतरी पाणी फाटल्यासारखं होतं, आणि तरी काहीच दिसत नाही. नीलशीर बदकाचा नर पहिल्या उजेडात डोक्यावरून वळतो तेव्हा मानेचा हिरवा रंग अजून काळाच असतो. बंदूक वर जाते त्या क्षणी मला दुसरं काहीही नको असतं. मांडीवर गरम बदक घेऊन कॉफी प्यायले आहे मी, आणि हेर आयझेलेंच्या कुत्रीने माझ्या पायावर अंग झटकलं तर हसले आहे. इतकी मोकळी मी ऑफिसात कुणाला दिसत नाही. तुम्हालाही दिसले नसेन.

हे लपवून मी तुम्हाला फक्त नियम लिहून पाठवले असते तर तुम्ही ओळखलं असतंत.

आता चूक.

इथला पहिला नियम असा की आधी पाडस, मग आई. उलट कधीच नाही, कारण ऑक्टोबरात पाडस आईवाचून जगेलच असं नसतं. ती मादी मी त्याआधी बऱ्याच संध्याकाळी पाहिली होती. प्रत्येक वेळी एकटी. मी हेर आयझेलेंना म्हटलं, हिला पाडस नाही. ते त्यांच्या श्वाबी बोलीत म्हणाले, "नक्की का, मेडले?" मेडले म्हणजे पोरी. मी म्हटलं, "गेनाऊ." म्हणजे अगदी नक्की.

बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला तुम्ही मला पहिल्यांदा मचाणावर नेलंत तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पाणवठ्यावर चांदणं होतं. मी कंटाळून म्हटलं, अस्वल नाही, शून्य लिहू का? तुम्ही कानात म्हणालात, "दिसेल तेवढंच लिहायचं. नाही दिसलं, याला नाही म्हणायचं नसतं." हलू नये, खोकू नये, डास चावला तर चावू द्यावा, हे सगळं मी तुमच्याकडून शिकले आणि तेच इथे वापरते. हे वाक्य तेवढं वापरलं नाही. मोहरी कमरेइतकी होती. पाडस आईच्या खांद्याएवढंही नसतं. मला दिसलं नाही आणि मी नाही म्हटलं.

पंचनाम्यात कलम सहा आणि सातच्या मध्ये एक कलम मी गाळलं आहे. आत्तापर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही.

मी मादी उलटी करून बसले होते, हात भरलेले. मान वर केली तर मोहरीच्या कडेला दुसरं पाडस उभं होतं. पहिल्याएवढंच. रायफल रिकामी, शिडीला टेकवलेली. ते माझ्याकडे बघत होतं, मग आईकडे, मग शांतपणे आत गेलं. मोहरी हलली आणि हलायची थांबली.

हेर आयझेले आले. त्यांनी कास पाहिली. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "एकच होतं?"

"एकच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "होतं असं. असो, दुसऱ्या गोळीत पाडसही उरकलंस हे बरं केलंस."

खोटं का बोलले याचा मी विचार केला आहे. पाडसाची दया आली म्हणून, असं लिहिता आलं असतं. तसं नव्हतं. एक चूक झाली होती, तिच्या दोन चुका होताना मला त्यांच्यासमोर बघवेना. एवढंच.

तेव्हापासून मी जवळजवळ रोज संध्याकाळी जाते. ऑफिसातून निघाले की गाडी आपोआप त्या रस्त्याला लागते. घरी असले तर बसवत नाही, बसले तर उठवत नाही. रायफल तीन वेळा साफ करते. शुक्रवारी लक्ष्मीपूजनाला इथल्या मराठी मंडळाचं फराळाचं होतं. मंडळातल्या शुभाने मला चिवड्याचं काम दिलं होतं. मी तिला म्हटलं, मशीन बंद पडलंय, थांबावं लागेल. शुभा म्हणाली, "तुझं मशीन नेमकं सणालाच कसं गं बंद पडतं?" मी चिवड्याचा डबा तिच्या दारात ठेवला आणि शेताकडे गेले.

ते आलं. आई पडली होती तिथून थोड्या अंतरावर चरत होतं. एकटंच होतं. मी दुर्बिणीतून बरगड्या मोजायचा प्रयत्न केला, पण हिवाळी केस आले आहेत, अंदाज येत नाही. नियमाप्रमाणे ते मारायला हवं होतं. मी रायफल उचलली, सेफ्टी काढली. छातीत तीच धडधड, पहिल्या बदकाच्या वेळची. ती सुखाचीच होती, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. आणि मी गोळी झाडली नाही. अंधार पडेपर्यंत बघत राहिले. नंतर पाय इतके बधिर झाले होते की शिडी उतरवेना.

आता तुम्हाला का लिहिते ते.

शनिवारी, १ डिसेंबरला, त्या जंगलात हाका घालून शिकार आहे. तोवर गोठलेल्या दवाने मोहरी करपून पडेल, लपायला जागा उरणार नाही. ती जागा मला माहीत आहे म्हणून हेर आयझेलेंनी मला त्याच कडेची जागा दिली आहे. मी खरं सांगितलं तर ते सगळ्यांना सांगतील आणि ते पाडस त्या दिवशी मारलं जाईल, माझ्याकडून किंवा शेजारच्याकडून. मी गप्प राहिले तर ते माझ्यासमोरून निघेल आणि मी न दिसल्यासारखं करू शकेन. मग जानेवारीत बर्फ पडेल. ते इतर हरणांत मिसळलं तर जगेल. नाही मिसळलं तर उपाशी मरेल, आणि ते कुणालाही दिसणार नाही.

हेर आयझेलेंना विचारलं तर ते पुस्तकातलं उत्तर देतील. तुम्ही आईवेगळी पाडसं हाताळली आहेत.

क्वार्टरच्या मागे तुम्ही चितळाचं एक मादी पाडस आणून ठेवलं होतंत. तिची आई फासात सापडली होती. मी तिला बाटलीने दूध पाजायचे. एके दिवशी शाळेतून आले तर ती नव्हती. तुम्ही म्हणालात, कळपात सोडली, कळपाने घेतली तिला. मी म्हटलं, मला दाखवा. तुम्ही म्हणालात, आता ती ओळखू यायची नाही. मी विश्वास ठेवला. लहान होते. इथे मचाणावर बसून मला पहिल्यांदा वाटलं की तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हतात.

तेव्हा तसं सांगितलंत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आता मात्र तसं उत्तर नको. ती कळपात गेली का? आणि जी सोडलीत त्यांतली किती दुसऱ्या पावसाळ्यात दिसली?

तुम्ही खरं उत्तर द्यावं यासाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर तुम्ही मला परत आणायला सोयीचं ते सांगाल. मी शिकार सोडणार नाही. जगतात म्हणालात तरी नाही, मरतात म्हणालात तरी नाही. पुढच्या सप्टेंबरात मी पुन्हा मचाणावर असेन. ज्यांनी मला मचाणावर बसायला शिकवलं ते माझ्याशी बोलत नसतील तरीही असेन, फक्त ते मला फार जड जाईल.

हे पत्र दहा-बारा दिवसांत पोचेल. आईला वाचून दाखवलंत तरी चालेल, कास आणि दूध सोडून.

गुरुवार, २९ नोव्हेंबरपर्यंत मला तुमचं उत्तर हवं आहे. फोन करा, नाहीतर तनयकडून दोन ओळींची मेल. हेर आयझेलेंना मी शुक्रवारी भेटणार आहे.

तुमची
शमिका