नारळझोंबीत गेलेली माझी बरगडी

मालवण, १९५८

तीर्थस्वरूप हरिश्चंद्रमामांस शिवाचा दंडवत (मनातल्या मनात घातलेला, वाकता येत नाही).

सत्यवतीचा उजवा खांदा माझ्या डाव्या बरगडीत शिरला, त्या घटकेला माझे सगळे आयुष्य बदलले. मामीचे गुडघे कसे आहेत? तुमचा दमा वेंगुर्ल्याच्या हवेत बरा असावा. इकडे आई खुशाल असून मला शिव्या देते.

मी कॉलेज अर्धवट टाकून कोल्हापुराहून रिकाम्या हाताने आलो, असे तुम्ही आईला लिहिलेत. चूक आहे. मी एक खेळ घेऊन आलो. तिथल्या वाचनालयात एका विलायती साप्ताहिकात चित्र होते, धिप्पाड गोरे चिखलात एकमेकांना आडवे करून अंड्याच्या आकाराचा चेंडू पळवताहेत. आपल्याकडे सोललेला नारळ आहे. तो पोटाशी धरून समोरच्यांच्या होडीत नेऊन टाकायचा, मध्ये येईल त्याला लोळवायचे. नाव ठेवले नारळझोंबी. दोन्ही बाजूंना पुरुष आणि बायका मिळून, ही भर माझी. (हेतू शुद्ध होता. गंगाराम तांडेलांची सत्यवती एक तर ओटीवर दिसते नाहीतर किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याचा दोर ओढताना, आणि दोन्हीकडे तिचा बाप असतो.)

गावात बोंब होईल म्हणून मी भाषण पाठ केले होते. वाया गेले. रापण ओढताना बायापुरुष खांद्याला खांदा लावूनच उभे असतात, त्यात नवे ते काय, असे सगळ्यांचे मत पडले. गंगारामकाकांनी एवढेच विचारले, "ह्यात मासो खंय गावतलो?"

खेळ दम लागेपर्यंत बरा चालला. मग बघायला बसलेली काशीबाई लुगडे खोचून आत शिरली आणि तिने नारळाला हात लावला. का, तर रापणीच्या दोराला हात लावील त्याला मासळीत वाटा, हा आपला कायदा. तिच्यामागून सबंध वाडी आत. मी ओरडून नियम सांगत होतो, तर त्यांतला महादू म्हणतो, "नियम मगे सांग, आधी माझो वाटो खंय तो सांग."

मी नारळ घेऊन पळालो. समोरून सत्यवती आली. मी, खरे सांगतो, थांबलो. ती थांबली नाही. मी वाळूत उताणा, आणि ती वाकून म्हणते, "सोड रे नारळ. कॉलेजात ह्याच शिकलंस?" (मामा, ती माझ्याशी एवढे प्रथमच बोलली.) नारळ काशीबाईने तिथेच दगडावर फोडून वाटला. मला करवंटी आली.

बाकी उत्तम. मामीस नमस्कार.

आपला भाचा
शिवा

ता. क. तुमच्या ओळखीचा तो कस्टमातला चष्मेवाला कारकून सत्यवतीला बघायला येणार म्हणतात, आणि मध्यस्थ तुम्हीच. ते स्थळ मोडा. त्याच्या घराण्याविषयी काहीतरी भयंकर गंगारामकाकांना कळवा. काय ते मामीला सुचेल.

आणखी एक. तसदी घेऊ नका. सत्यवतीने बापाला बजावले आहे, माका बघूक येतलो त्याने आधी नारळझोंबी खेळायची. कारकून मोडेल, स्थळही मोडेल.

शेवटचे. खिडकीतून किनाऱ्याची पुळण दिसते. कारकून आला आहे. चष्मा काशीबाईच्या हाती दिला, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली. सत्यवतीने लोळवला. उठला. पुन्हा लोळवला. पुन्हा उठला. आता ती हसते आहे. मला पाडून हसली नव्हती. हात देऊन त्याला उठवले आणि आपल्या बाजूला घेतले. वैद्य म्हणतो, हलू नकोस. त्याला म्हणायला काय जाते. आई चुलीपाशी आहे, आडवी येईल, म्हणून स्वयंपाकघराचे दार बाहेरून कडी घालून लावतो. निघालो.